मुलांची पुस्तके मोठ्यांच्या कपाटातही असू द्यावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयाची दिवाळीपूर्वी आवराआवर झाली आणि मुलांच्या कपाटातील पुस्तके रद्दीत द्यावीत असे बैठकीत ठरले. सोसायटीतील मुले आता मोठी झाली, कुणी नोकरीला लागले, कुणी परदेशी गेले, तेव्हा ही पुस्तके वाचणार कोण, असा प्रश्न निघाला आणि त्यावर कुणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. जे त्या बैठकीत बोलायला हवे होते ते आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडावे, म्हणून हे लिहीत आहे.

मी बारा वर्षांची असताना माझ्या मामांनी रविवारच्या जुन्या बाजारातून तीन पातळ इंग्रजी पुस्तके आणून दिली होती. माझी शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी सुधारावे एवढाच मामांचा हेतू होता. ती पुस्तके म्हणजे उर्सुला ले ग्विन या अमेरिकी लेखिकेच्या 'अर्थसी' मालिकेचे पहिले तीन भाग : 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८), 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' (१९७१) आणि 'द फार्दस्ट शोअर' (१९७२). शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती वाचली. शेकडो बेटांचा समुद्र, गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा मुलगा, रोक बेटावरील जादूगारांची शाळा, आणि त्या मुलाने गर्वाच्या भरात मृतांच्या जगातून ओढून आणलेली, मग त्याच्याच मागे लागलेली एक काळी सावली, एवढे मला त्या वयात पुरेसे होते. गेल्या वर्षी, पन्नाशी ओलांडल्यावर, माझ्या भाचीने या मालिकेतील नंतरची पुस्तके घरी आणली. नंतरची वाचायची तर आधीची पुन्हा वाचायला हवीत, म्हणून मी माझ्या जुन्या प्रती माळ्यावरून काढल्या. त्यानंतर चार महिने मी दुसरे काही वाचले नाही.

अर्थसीच्या जगात प्रत्येक वस्तूला, प्राण्याला आणि माणसाला एक खरे नाव असते आणि ते नाव जाणणे म्हणजेच जादू. माणसे एकमेकांना वापरातल्या नावाने हाक मारतात. खरे नाव ते देणाऱ्याला ठाऊक असते आणि ज्याच्यावर पुरता विश्वास आहे अशा एखाद्यालाच सांगितले जाते. बाराव्या वर्षी मला हे कुणी समजावून सांगावे लागले नव्हते. आमच्या घरी पत्रिकेत लिहिलेले नावरस नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे होतेच. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगते आणि मागे उभ्या असलेल्या बायका 'कुर्र' करून तिच्या पाठीत हलके धपाटे घालतात, हे मी कितीदा पाहिले होते. माझी आजी आजोबांचे नाव उखाण्याखेरीज कधी उच्चारत नसे, एवढेच नव्हे तर त्या नावाशी जुळणारा शब्द बोलण्यात आला तर वळसा घालून दुसरा शब्द वापरत असे. नावात काहीतरी जपण्यासारखे असते, हे आम्हाला घरातूनच मिळालेले होते.

पहिल्या पुस्तकातील नामकरणाचा प्रसंग मी या वेळी तीनदा वाचला. मुलगा तेरा वर्षांचा होतो. त्याची मावशी, जी गावातली चेटकीण आहे, ती त्याच्या आईने ठेवलेले नाव त्याच्याकडून काढून घेते. मग तो उघड्या अंगाने, एकटा, आर नदीच्या उगमाच्या थंडगार पाण्यात उतरतो आणि थंडीने थरथरत, पण घाई न करता, ताठ चालत पलीकडच्या काठावर येतो. तेथे ओगिअन हा अबोल गुरू त्याचा दंड धरतो आणि त्याच्या कानात त्याचे नाव सांगतो : गेड. लहानपणी मी हे एक सुंदर चित्र म्हणून पाहिले होते. आता मला दिसले की नवे नाव मिळण्याआधी जुने काढून घेतले जाते, आणि मधला पाण्यातला वेळ त्या मुलाला नावच नसते. मुंजीत आईबरोबरच्या शेवटच्या जेवणाला मातृभोजन म्हणतात, त्यात जी हुरहूर असते ती मला या दोन पावलांच्या अंतरात सापडली.

आणखी एक गोष्ट मला दिसली आणि तिने मला अस्वस्थ केले. गेड हा तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे, आणि त्या जगातले गोरे लोक म्हणजे पूर्वेकडून लुटालूट करायला येणारे कार्ग. हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही मी मनात गेडला गोरा रंगवला होता, कारण इंग्रजी पुस्तकातला मुलगा गोराच असणार असे पुण्यातल्या एका सावळ्या मुलीने धरून ठेवले होते. २००४ साली या कथेवर टीव्ही मालिका निघाली आणि त्यात गोऱ्या नटाला गेड केले, तेव्हा लेखिकेने त्याचा जाहीर निषेध केला होता. तो निषेध योग्यच होता, आणि त्याचे मोल मला आता जसे कळते तसे बाराव्या वर्षी कळले नसते.

दुसरे पुस्तक मी लहानपणी दोनदा अर्ध्यावर सोडले होते. त्यात समुद्र नाही, ड्रॅगन नाही, नुसते अंधारे भुयारी मार्ग आहेत असे मला वाटायचे. टेनार नावाची पाच वर्षांची मुलगी आईबापांपासून तोडून थडग्यांच्या देवळात आणलेली असते. एका विधीत तिची मान ओंडक्यावर टेकवली जाते, तलवार उगारली जाते आणि मानेच्या जरा वर थांबवली जाते. त्या क्षणापासून तिचे नाव अंधारातल्या देवतांनी खाल्ले असे मानले जाते. ती आता टेनार नाही, ती 'आर्हा', म्हणजे खाल्लेली. पुढे कित्येक वर्षे तिला स्वतःचे नाव आठवतही नाही.

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. सगळे आनंदात होते, मीही होते, पेढे वाटले गेले. सासरी मला प्रेमच मिळाले आहे आणि त्या क्रूर विधीची आमच्या रीतीशी मी बरोबरी करत नाही. परंतु भुयारात कैद झालेला गेड तिला तिचे नाव परत देतो आणि दुसऱ्या दिवशी ती जागी होऊन स्वतःशीच मोठ्याने 'मी टेनार आहे' असे म्हणते, त्या पानावर मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला माहेरच्या नावाने हाक मारणारे आता फक्त माझे भाऊ उरले आहेत. त्या दिवशी मी त्यांना फोन केला आणि काही कारण न सांगता त्यांच्याशी बोलले.

तिसऱ्या भागातील मृतांचा प्रदेश, ती दगडांची बुटकी भिंत आणि तिच्यापलीकडे एकमेकांना न ओळखता रस्त्याने चालणारी माणसे, याविषयी लिहिणे मला अजून जमत नाही. ज्यांनी जवळचे माणूस गमावले आहे त्यांनी ते वाचावे, एवढेच म्हणते.

या मालिकेविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र मला गेल्या वर्षापर्यंत माहीतच नव्हती. तिसऱ्या पुस्तकानंतर तब्बल अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, लेखिकेने 'तेहानू' हे चौथे पुस्तक लिहिले. पहिल्या पुस्तकात, अगदी सुरुवातीच्या पानांवर, गॉन्टमधील दोन म्हणी येतात : बाईच्या जादूसारखे दुबळे आणि बाईच्या जादूसारखे दुष्ट. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही. बाराव्या वर्षी या ओळींवरून माझी नजर सरळ पुढे गेली, कारण बायकांविषयी असे बोलले जाणे मला नवे नव्हते. आपल्याकडच्या म्हणी काही यापेक्षा मायाळू नाहीत. पण लेखिकेची नजर त्या ओळींवर परत गेली. वीरांच्या कथा पुरुषांच्या परंपरेने जशा घडवल्या तशाच घाटात आपणही पहिली तीन पुस्तके लिहिली, याचा तिने १९९२ साली ऑक्सफर्डमधील व्याख्यानात मोकळेपणाने विचार केला आहे. आधीच्या पुस्तकांतल्या त्या ओळी तिने पुसल्या नाहीत. ती त्याच बेटावर परत गेली आणि या वेळी तिने ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले.

'तेहानू'मध्ये टेनार एका शेतकऱ्याची विधवा आहे. तिचे नाव पुन्हा एकदा बदलले आहे; गावात तिला 'गोहा' म्हणतात, म्हणजे कोळिष्टके विणणारी छोटी पांढरी कोळीण. गेडची सारी शक्ती संपली आहे आणि जगातला सर्वांत मोठा जादूगार लहानपणासारखाच डोंगरावर शेळ्या राखतो आहे. टेनारजवळ थेरू नावाची एक लहान मुलगी आहे. आप्तांनीच तिला मारहाण करून आगीत ढकललेले आहे. तिचा अर्धा चेहरा जळालेला आणि एका हाताची बोटे आखडून पक्ष्याच्या पंजासारखी झालेली आहेत. या मुलीला सावकाश, धीराने माणसांत आणणे हेच या पुस्तकातले शौर्य आहे. शेवटी टेनारचा खलाशी मुलगा घरी येतो. तेथील रिवाजाप्रमाणे शेत त्याचे. आईने ते इतकी वर्षे कसले तरी तिचा हक्क मुलगा परत येईपर्यंतच. जेवून झाल्यावर तो स्वतःचे ताट उचलत नाही, कारण त्याच्या मते ते बायकांचे काम आहे. आणि त्याच घरात एकेकाळी ड्रॅगनांशी बोलणारा गेड भांडी आवरतो. ज्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपल्या आईचे किंवा मावशीचे नाव शोधले आहे, त्यांना हे प्रकरण परके वाटणार नाही.

यानंतर २००१ साली आलेल्या 'टेल्स फ्रॉम अर्थसी' आणि 'द अदर विंड' या दोन पुस्तकांत लेखिकेने रोकच्या शाळेचे मूळ आणि मृतांच्या त्या भिंतीचे रहस्यही पुन्हा उकलले. पहिल्या कथेपासून शेवटच्या पुस्तकापर्यंत ती जवळजवळ चाळीस वर्षे या बेटांवर परतत राहिली. जिने हे जग निर्माण केले तिलाच ते एकदा पाहून पुरले नाही, तर आपण बाराव्या वर्षी एकदा वाचून ते संपले असे कसे मानावे?

लहानपणी लेखक कोण होता हे कुणी विचारत नाही. मोठेपणी मी विचारले, तेव्हा कळले की ले ग्विन यांचे वडील मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर होते. कॅलिफोर्नियातील 'याही' नावाच्या आदिवासी जमातीपैकी एकटा वाचलेला एक माणूस १९११ साली जंगलातून बाहेर आला, तो क्रोबर यांच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये वारला. आपले नाव आपणच सांगायचे नाही, आपल्या माणसाने ते सांगावे, अशी त्याच्या लोकांची रीत होती. आणि सांगणारे कुणी उरलेच नव्हते. क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले, ज्याचा त्याच्या भाषेत अर्थ 'माणूस' एवढाच. त्याचे खरे नाव शेवटपर्यंत कुणाला कळले नाही. पुढे लेखिकेच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, १९६१ साली त्याचे चरित्र लिहिले. यावरूनच अर्थसी सुचले असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही. परंतु हे कळल्यावर नाव जपणाऱ्या त्या बेटांकडे मी आधीच्या नजरेने पाहू शकले नाही.

संपादक महोदय, माझे म्हणणे एवढेच आहे की मुलांसाठी लिहिलेले चांगले पुस्तक मुले मोठी झाल्यावर निरुपयोगी होत नाही. उलट, त्याचा बराचसा भाग मोठेपणासाठीच राखून ठेवलेला असतो. आपल्याकडे मात्र बालसाहित्य ही एक पायरी मानली जाते, चढून गेलो की मागे वळून पाहायचे नाही अशी. पालक पुस्तक विकत घेताना मुलाचे वय विचारतात, स्वतः पहिले पानही उघडत नाहीत. मुलाने त्या पुस्तकाविषयी काही विचारले तर उत्तर देणार कोठून? आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पुस्तकांचे परिचय येतात आणि त्यांवर वयोगट छापलेला असतो. त्याच पानावर मोठ्या वाचकांनी लहानपणचे एखादे पुस्तक पुन्हा वाचून, तेव्हा काय दिसले आणि आता काय दिसते, ते लिहावे, अशी महिन्यातून एकदा तरी जागा द्यावी ही विनंती. पुस्तक मराठी असो वा इतर भाषेतले, साहसाचे असो वा पऱ्यांचे. पण लिहिणाऱ्याने ते आठवणीतून न लिहिता खरोखर पुन्हा वाचून लिहावे.

आमच्या वाचनालयातील पुस्तके सुतळीने बांधून वॉचमनच्या खोलीबाहेर ठेवलेली होती. रद्दीवाला येण्यापूर्वी कमिटीच्या परवानगीने मी त्यांतील एकतीस पुस्तके वर आणली आहेत. त्यांची यादी लिफ्टशेजारच्या फलकावर लावली असून तीत वयोगट लिहिलेला नाही. आतापर्यंत चार पुस्तके वाचायला गेली आहेत. त्यांतील दोन तळमजल्यावरील आजोबांनी नेली आणि तिसरे केव्हा मिळेल असे ते काल विचारून गेले.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)