तिथे दफनभूमी नाही, असं सरकारचं पत्र म्हणतं

माननीय मंत्रिमहोदय,
फिलिपिन्स सरकार, मनिला
यांस सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाचं पत्र आमच्या घरी आलं. त्या दिवशी माझ्या सासूबाईंच्या पासियामचा शेवटचा दिवस होता. माणूस गेल्यावर इथे नऊ संध्याकाळी घरात प्रार्थना होते, तिला पासियाम म्हणतात. अंगणात निळी ताडपत्री बांधली होती, खाली पंचवीस-तीस माणसं बसलेली, मोठ्या पातेल्यात अरोस काल्दो, म्हणजे तांदळाची पेज, शिजत होती आणि आल्याचा वास सगळीकडे पसरला होता. पोस्टमनने पाकीट दिलं. आमच्या घरातले सरकारी कागद मीच वाचते, म्हणून नवऱ्याने ते माझ्या हातात दिलं. चारच ओळी होत्या. "अर्जात नमूद केलेली जागा जलाशयाच्या क्षेत्रात येते. सदर ठिकाणी दफनभूमी अस्तित्वात नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

नवरा विचारत होता, काय लिहिलंय? मी सांगितलं, उद्या सांगते.

मंत्रिमहोदय, धरणाच्या तळ्याखाली गेलेल्या दफनभूमीतून सासूबाईंच्या वडिलांच्या अस्थी वर आणाव्यात, या एका प्रकरणी मी इंग्रजीत तीन आणि तागालोगमध्ये एक असे चार अर्ज केले. हे पाचवं पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मला रडायला आणि भांडायला हीच भाषा येते. आपल्यापर्यंत ते पोचेल की नाही, माहीत नाही. माझी माणसं तरी वाचतील. ती माणसंही धरणाखाली गेलेल्या गावांचीच आहेत.

माझे आजोबा कोयना खोऱ्यातले. गाव शिवसागराच्या पाण्यात गेलं आणि आजोबा रायगड जिल्ह्यातल्या एका माळावर येऊन पडले. त्यांना मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढलं, तेव्हा त्यांना डोळ्यांनी वाचता येत नव्हतं. मी मुन्योसच्या शेती विद्यापीठात शिकायला म्हणून या देशात आले, इथलाच मुलगा पत्करला आणि लग्न करून गेले ती पांताबांगानला. लग्नाआधी नवऱ्याने मला घाटातल्या वळणावर नेऊन तळं दाखवलं होतं. एवढं निळं, एवढं शांत पाणी! मी म्हटलं, किती सुंदर. तो म्हणाला, आमचं गाव त्याच्या तळाशी आहे. मी त्याचा हात धरला, तो अजून सोडलेला नाही.

पांताबांगान ही नुएवा एसिहा प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यातली मुनिसिपालिटी. मुनिसिपालिटी म्हटलं की आपल्याकडच्या वाचकांना शहर वाटेल, पण ही डोंगरातली, चौदा बरांगायांची, म्हणजे चौदा वाड्यावस्त्यांची आहे. काराबालो आणि सिएरा माद्रे या डोंगररांगा जिथे एकमेकींना भिडतात, त्याच्या पायथ्याशी. जुने लोक सांगतात की गावाचं नाव 'साबांगान' या शब्दावरून पडलं. साबांगान म्हणजे संगम. इथे पांताबांगान आणि कारांगलान या दोन नद्या मिळत. 1645 साली ऑगस्टिनी मिशनऱ्यांनी इथे वस्ती धरली असं गावच्या इतिहासात नोंदलेलं आहे. म्हणजे आमच्याकडे शिवाजी महाराज स्वराज्याची जुळवाजुळव करत होते, तेव्हा इथल्या संगमावर माणसं भात लावत होती, नावं ठेवत होती, मेलेल्यांना पुरत होती. त्यांना पुरलं ती जागा कागदावर नाही, असं आपलं सरकार आज सांगतं.

नाही कशी? धरणाचं सगळं कागदावर आहे. 1969 सालचा कायदा आहे, क्रमांक 5499. जागतिक बँकेचं कर्ज आहे. 1971 ला काम सुरू झालं. 1972 च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, त्यानंतर 'आम्ही उठणार नाही' असं म्हणण्याची छाती कुणाची होती? 1974 ला पाणी अडलं. मातीची भिंत, उंची 107 मीटर, लांबी 1,615 मीटर. पोटात सुमारे 300 कोटी घनमीटर पाणी. मी एकदा हा आकडा आपल्याकडच्या हिशेबात बसवून पाहिला, तर साधारण 105-106 टीएमसी आला. कोयनेचेही 105. मी कागद तसाच टाकून परसात जाऊन बसले. एका बाईच्या माहेरच्या आणि सासरच्या गावावर मोजून तेवढंच पाणी ठेवावं, याला काय म्हणायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

आता नानायबद्दल सांगते. नानाय म्हणजे आई. सासूबाईंना मी तीच हाक मारायची. गाव उठलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वडील दोनच वर्षांपूर्वी गेलेले, आईच्या पदरात पाच पोरं. घराचे खांब यांनी स्वतःच्या हातांनी उपटले आणि डोंगरावर वाहून नेले. ज्यांच्या घरात हाताशी माणसं होती, पैसा होता, त्यांनी आपल्या मृतांच्या अस्थी काढून वर आणल्या. नानायच्या आईला ते जमलं नाही. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात काढू. पुढच्या आठवड्यात पाणी दफनभूमीच्या कुंपणाशी आलं होतं.

त्यानंतर पन्नास वर्षं नानायने तळ्यातला मासा खाल्ला नाही. इथे तिलापिया भाताएवढाच रोजचा आहे. पाहुणे आले की ती तळून वाढायची आणि स्वतः मीठ लावलेली वांगी घेऊन बसायची. आम्ही कधी विचारलं नाही. 1 नोव्हेंबरला उंदास असतो, अख्खा देश मेणबत्त्या घेऊन आपापल्या थडग्यांवर जातो. आमच्याकडची सर्वपित्री समजा. नानाय त्या संध्याकाळी तळ्याच्या काठाला जायची, नारळाच्या करवंटीत मेणबत्ती लावून पाण्यात सोडायची आणि ती विझेपर्यंत उभी राहायची. वारा असला की पाच मिनिटांत घरी परत.

2024 च्या उन्हाळ्यात एल निनोने पाऊस खाल्ला. तळ्याची भरलेली पातळी 221 मीटर, ती एप्रिलअखेर 171 च्या आसपास आली. पन्नास मीटर पाणी उतरलं आणि जुनं गाव वर आलं. सरकारच्याच सिंचन यंत्रणेतल्या अभियंत्याने तेव्हा बातमीदारांना सांगितलं होतं की चर्चचे भाग, नगर सभागृहाच्या खुणा आणि थडग्यांचे दगड दिसू लागलेत, आणि धरण झाल्यापासून गाव असं वर येण्याची ही सहावी खेप. मंत्रिमहोदय, थडग्यांचे दगड! हे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. ते जगाला दिसलं, फक्त आमच्या अर्जावर शेरा मारणाऱ्याला दिसलं नाही.

आम्ही नानायला होडीने नेलं. वाळलेल्या गाळाला हातहात भेगा पडल्या होत्या, पाय मुरगळेल म्हणून मी तिचा दंड धरला होता. ती न चुकता चालत गेली. इथे बेकरी, इथे शाळेचा नळ, इथे माझी मैत्रीण राहायची. माझ्या डोळ्यांना नुसता चिखल दिसत होता. चर्चच्या पायऱ्यांशी ती वळली आणि पावलं मोजायला लागली. दगड आडवा पडला होता, एक कोपरा फुटलेला. अक्षरांत गाळ भरून सिमेंटसारखा घट्ट झाला होता. नानायने पिशवीतून दात घासायचा ब्रश काढला. घरून घेऊन आली होती ती! पाण्याची बाटली ओतून एक एक अक्षर घासत बसली. आडनावाचं पहिलं अक्षर निघालं, तेव्हा ती घासायची थांबली आणि ओंजळीत तोंड लपवलं.

शेजारच्या दगडावर एक मुलगा उभा होता, मनिलाकडचा असावा, फोन उंच धरून फोटो काढत होता. नानाय हळूच म्हणाली, "तबी पो." तागालोगमध्ये याचा अर्थ 'जरा बाजूला व्हा', आणि अदृश्य आत्म्यांच्या जागेवरून जाताना त्यांची परवानगी मागायलाही हेच शब्द वापरतात. मुलगा 'सॉरी' म्हणून बाजूला झाला. त्याला वाटलं त्याला सांगितलं. ती दगडाखालच्याला सांगत होती.

मी त्या भागात फिरून दगड मोजले. दोनशेच्या वर भरले, गाळात असलेले वेगळेच. माझा आकडा चुकला असेल तर आपण माणूस पाठवून मोजून घ्यावेत. त्याच दिवशी सरकारी जॅकेट घातलेले दोघे जण काठावर टेबल टाकून बसले होते. त्यांनी नाव, मृताचं नाव, फोन नंबर लिहून घेतला. म्हणाले, पाऊस लागायच्या आत दगड उचलू, अस्थी वरच्या दफनभूमीत नेऊ, खर्च सरकारचा. नानायने त्यांचे हात कपाळाला लावले. पोरवयाच्या माणसांचे! या देशात लहान मोठ्यांचे हात कपाळाला लावतात, उलटं मी कधी पाहिलं नव्हतं.

जून आला. पाऊस आला. ते दोघे आले नाहीत. मी फोन केले, अर्ज केले, मुनिसिपालिटीत काम होईना म्हणून प्रांताच्या ठिकाणी गेले, तिथून मनिलाला जा म्हणाले. एका फेरीला दिवस मोडतो आणि बसचे, जेवणाचे मिळून आठ-नऊशे पेसो जातात. असे किमान दहा-बारा हजार पेसो गेले, जास्तच असतील. नानायचा दम वाढत गेला. शेवटच्या महिन्यात ती रोज विचारायची, कागद आला का? आला, मंत्रिमहोदय. ती गेल्यावर नवव्या दिवशी आला.

मघापासून मी आदराने लिहिते आहे, आता तुम्हाला सरळच विचारते. त्या पाण्यावर तुम्ही सगळे जगता. लाखाच्या आसपास हेक्टर भात त्यावर भिजतो, नुएवा एसिहाला तुम्ही देशाचं भाताचं कोठार म्हणता, ते कोठार आमच्या चर्चच्या छपरावरून पाणी नेऊन भरता. खालचं वीजकेंद्र 2006 साली खासगी कंपनीला विकलं. शेजारच्या प्रांतातल्या कासेक्नानचं पाणी डोंगरातून पंचवीस किलोमीटरचा बोगदा काढून आमच्या तळ्यात आणून सोडलं. पंचवीस किलोमीटर डोंगर पोखरता येतो, आणि मोकळ्या पडलेल्या जमिनीतून चार फूट खाली खणता येत नाही? आमच्या घरच्या नळाला एप्रिल-मेमध्ये दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे तासभर. मी अंगणातून तळं बघत ड्रममधलं विकतचं पाणी भांड्यांना घेते.

घराच्या जागेचंही तेच. नानायच्या आईला 1974 साली डोंगरावर जागा दाखवली आणि मालकीचा कागद मागून येईल म्हणाले. आई गेली. आता मुलगी गेली. माझा नवरा पंचेचाळिशीला आला, त्याच्याकडे एक पिवळी पडलेली पावती आहे आणि तिच्यावरचा शिक्का पुसट झालाय. आमच्याकडेही असंच झालं, म्हणून मला ही वाट ओळखीची आहे. कोयनेत झालं, उजनीत झालं, पळसदेवचं देऊळ आजही पाणी उतरलं की वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. भाषा वेगळी, देव वेगळा, राज्यकर्ते वेगळे, पण डोंगरातल्या माणसाला उठवताना द्यायची आश्वासनं इतकी सारखी कशी? 'देशासाठी त्याग करा' हे माझ्या आजोबांनी ऐकलं आणि नानायच्या आईनेही ऐकलं. त्याग करणाऱ्यांची यादी तुम्ही कुठल्या कपाटात ठेवता, ते एकदा दाखवा.

आणि भिंतीच्या खाली-वर राहणाऱ्यांना तुम्ही काय सांगता? 16 जुलै 1990 ला 7.8 चा भूकंप झाला, त्याचं केंद्र आमच्या शेजारच्या रिसाल गावाजवळ. नानाय सांगायची, तळं परातीतल्या पाण्यासारखं हेलकावत होतं. कोयनेने 11 डिसेंबर 1967 ला तेच पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या धरणाच्या शेजारी आम्ही झोपतो, आणि रात्री भोंगा वाजला तर कुठल्या बाजूला पळायचं हे मला आजतागायत कुणी येऊन सांगितलेलं नाही. व्ह्यूडेकवर मात्र बालेरच्या समुद्राकडे निघालेल्या गाड्यांसाठी रंगीत अक्षरात गावाचं नाव उभं आहे.

मला तुमच्याकडून पैसे नकोत. 'सदर ठिकाणी दफनभूमी अस्तित्वात नाही' हे वाक्य मागे घ्या, लेखी. काठावर बसून लिहून घेतलेली ती नावांची वही शोधा, ती सापडली नाही तर पुन्हा लिहून घ्या, अजून सांगणारी माणसं जिवंत आहेत, पण ती सत्तरीच्या पुढे आहेत. पुढच्या कोरड्या वर्षी पाणी उतरेल, तेव्हा पहिल्या आठवड्यात माणसं पाठवा, पर्यटकांच्या होड्या सुटायच्या आधी. आणि घराच्या जागेचे कागद द्या, पन्नास वर्षांपूर्वी कबूल केलेले.

नानायला आम्ही वरच्या दफनभूमीत ठेवलं आहे. डाव्या बाजूची एका माणसाची जागा मोकळी सोडली आहे, त्यासाठी वेगळे पैसे भरले. तिच्या वडिलांचा दगड सापडायला अवघड नाही. चर्चच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं, तळ्याची भिंत पाठीमागे घ्यायची आणि सरळ त्रेचाळीस पावलं चालायची. नानायची पावलं लहान होती, तुमच्या माणसाची पस्तीस भरतील. कोपरा फुटलेला दगड आहे. आडनावाचं पहिलं अक्षर स्वच्छ आहे, पुढची तीन निम्मी घासलेली.

आपली,
पांताबांगानची एक सून