आलेखांचे रंग सर्वांना दिसावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रयोगशाळेसाठी सॉफ्टवेअर घेताना किंमत, परवाने आणि देखभाल यांची कसून चौकशी होते. त्यातले रंग सर्वांना ओळखू येतात का, हे मात्र कोणी विचारत नाही. मुंबईतील एका महाविद्यालयात बरीच वर्षे जीवशास्त्राची प्रात्यक्षिके घेतल्यावर मला हा प्रश्न किरकोळ वाटेनासा झाला आहे. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमेत एक प्रथिन लाल, दुसरे हिरवे दाखवायचे आणि दोन्ही एकत्र असलेली जागा पिवळ्या ठिपक्यांवरून ओळखायची, ही आमच्याकडची रूढ पद्धत. एका हुशार विद्यार्थ्याला ते ठिपके काही केल्या मोजता येईनात, तेव्हा ‘नीट बघ’ म्हणून मी त्याला दोनदा रागावलो. त्याला लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही, हे पुढे त्यानेच संकोचत सांगितले. लालच्या जागी मॅजेन्टा (जांभळट गुलाबी) घेतला की एकत्र आलेला भाग पांढरा दिसतो आणि त्याच्यासारख्यांची बरीच अडचण दूर होते.

पाऊस, तापमान किंवा दाब दाखवण्यासाठी निळ्यापासून लालपर्यंत जाणारी ‘जेट’ ही रंगपट्टी अशीच अंगवळणी पडली आहे. तिची दोन्ही टोके गडद आणि मधला आकाशी-पिवळा पट्टा उजळ असल्यामुळे तोच नकाशा आपल्या दैनिकाच्या कृष्णधवल पानावर छापला, तर सर्वाधिक आणि सर्वांत कमी पावसाचे भाग सारखेच काळपट दिसतील. शिवाय पिवळा पट्टा डोळ्यांत भरल्याने आकड्यांत नसलेली सीमारेषा असल्याचा भास होतो, तो वेगळाच. आलेख काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मॅटलॅबने २०१४ मध्ये ‘परूला’ आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये ‘व्हिरिडिस’ ही, वेगळी न निवडल्यास आपोआप लागणारी मूळ रंगपट्टी म्हणून स्वीकारली. व्हिरिडिसमध्ये मूल्याबरोबर उजळपणाही क्रमाने वाढत जातो, म्हणून रंग न ओळखणाऱ्यालाही चढउतार कळतो. तरीही जुन्या प्रोग्रामच्या नकला हातोहात फिरत राहतात आणि प्रकल्पांच्या अहवालांत जेट हटकून भेटते.

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून ठरवलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ हवे, शुद्ध पिवळ्याचे पांढऱ्यावर ते जेमतेम १.०७ भरते. खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात प्रोजेक्टरवर पिवळ्या रेषेचा आलेख लावला, तर मागच्या बाकांना तो कोरा कागदच वाटतो.

हवामान खात्याचे इशारे रंगांचे असले तरी बातमीत आपण ‘ऑरेंज अलर्ट’ हे शब्द वाचतो, त्यामुळे रंग न ओळखणाऱ्याचे अडत नाही. आलेखातही रंगाच्या जोडीला तुटक रेषा, वेगळी चिन्हे किंवा रेषेलगत नाव सहज देता येते. रंग बदलण्याची सोय आहे, हे विक्रेत्यांचे उत्तर पुरेसे मानू नये; ती मेनूत खोलवर दडलेली असते आणि बहुतेक जण मूळ सेटिंगला हातच लावत नाहीत. महाविद्यालयांनी निविदा मंजूर करण्यापूर्वी त्या सॉफ्टवेअरमधील आलेखांची एक कृष्णधवल प्रत छापून पाहावी आणि तिच्यावरून रेषा वेगवेगळ्या ओळखता आल्या, तरच खरेदी करावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, दादर, मुंबई