अठरानंतर केसपेपर कुठे काढायचा?

संपादक महोदय,

६ ऑक्टोबरच्या जागतिक सेरेब्रल पाल्सी दिनानिमित्त आपण छापलेली शिबिराची बातमी वाचली. फोटोत सगळी लहान मुलं. चांगलंच आहे, पण ती मोठीही होतात.

मी ३६ वर्षांचा. मिरजेत राहतो, घरी बसून टॅलीची कामं करतो. मलाही सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. जन्मल्यावरची कावीळ मेंदूत गेली, तेव्हापासून अंगाला पीळ पडतो. कप उचलायला गेलो की मान डावीकडे फेकली जाते. झोप लागली की सगळं थांबतं. याला डिस्टोनिया म्हणतात.

‘मेंदूची इजा वाढत नाही’ हे लहानपणापासून ऐकत आलोय. खरं आहे ते. पण अशी मान वर्षानुवर्षं पिळवटत राहिली तर मणके लवकर झिजतात, मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. शर्टाची बटणं मी स्वतः लावायचो. वेळ लागायचा, पण लावायचो. मग बोटांना बटण कळेनासं झालं, पाय अडखळायला लागले. ‘तुमचं मूळचंच आहे’ म्हणून बॅक्लोफेनचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या गोळीचा, डोस तेवढा वाढला, दिवसभर पेंग. शेवटी एका फिजिओबाईंनी, आईला नव्हे, मला विचारलं, “आधी काय जमायचं?” त्यांच्याच हट्टाने मानेचा एमआरआय झाला आणि दाब सापडला. ऑपरेशन झालं. मान आवरावी म्हणून बोट्युलिनमची इंजेक्शनं घेतो. तीनेक महिन्यांत असर उतरतो आणि पुन्हा पैशांची जुळवाजुळव.

मुलांच्या तपासणी-उपचारांचा सरकारी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ १८ व्या वर्षी संपतो. मुलांचे डॉक्टर म्हणतात, आता मोठ्यांकडे जा. मोठ्यांचे म्हणतात, हा मुलांचा आजार. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आमचं नाव आहे, दिव्यांगांसाठीच्या ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला लाखापर्यंतची सोय आहे, पण तपासायला कुणी हवं ना!

जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस प्रौढांसाठी ओपीडी ठेवा. मेंदूविकारतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर आणि फिजिओ एकाच वेळी बसावेत. कालपर्यंत जमणारं आज जमेना झालं, तर ते केसपेपरवर लिहिलं जावं. बॅक्लोफेनचा साठाही संपू देऊ नये. ती गोळी एकदम तुटली तर झटके येऊ शकतात, आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर मी खिडकीवर ऐकलेलं आहे.

– एक वाचक, मिरज