जमीन बघ, फूल आपोआप दिसेल

पुणे,
२० जून

प्रिय श्रीधर,

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची तिकिटं निघाली हे वाचून फार आनंद झाला. जुलैचा शेवटचा आठवडा धरलास ते उत्तम केलंस. जूनमध्ये ओढ्यांवर बर्फ असतं आणि फुलं जेमतेम सुरू झालेली असतात. ऑगस्टच्या मध्यानंतर तिथला उंच गुलाबी तेरडा माणसाच्या डोक्याला लागतो आणि बुटकी फुलं त्याच्याआड दडतात.

तू साताऱ्याचा, कास बघत वाढलेला. व्हॅलीतही तू एका रंगाचे लांबलचक पट्टे शोधशील, पण या खोऱ्यात फुलं मिसळून येतात आणि जमीन बदलली की फूल बदलतं. त्यामुळे आधी जमीन बघायची सवय लाव.

घांघरियाला मुक्काम असेल, उंची साधारण ३,०५० मीटर. सकाळी सातला फाटक उघडतं, तेव्हाच तिथे हजर राहा. गावाबाहेर वाट फुटते : उजवीकडची हेमकुंड या शिखांच्या तीर्थस्थानाला जाते, डावीकडची खोऱ्यात. वन खात्याच्या चौकीवर परवाना आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. खच्चरं आत सोडत नाहीत, आत दुकान नाही, मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर पडावं लागतं. म्हणजे डबा, पाणी, सगळं पाठीवर.

चौकीनंतर वाट उतरून पुष्पावती नदीच्या पुलावर येते आणि मग दगडी पायऱ्यांची खडी चढण लागते. इथेच बहुतेकांचा दम जातो, कारण सकाळच्या उत्साहात ते सिंहगड चढल्यासारखे झपाझप सुटतात. हवा विरळ आहे. बोलता बोलता चढता येईल एवढाच वेग ठेव. ही चढण भूर्जाच्या जंगलातून जाते. सावलीतल्या ओल्या पाचोळ्यात सापकांदा शोध. आपल्या सह्याद्रीतल्या सापकांद्याचाच भाऊबंद, ओळखायला वेळ लागणार नाही.

जंगल संपलं की खोरं उघडतं, उंची आता ३,३०० मीटरच्या वर. पुष्कळ लोक इथेच फोटो काढून परततात, याचं मला फार वाईट वाटतं. खरी मजा पुढे आहे. उताराच्या मातीत रक्तासारख्या गडद लाल पाकळ्यांचं पोटेंटिला दिसेल. पान तीन दलांचं, थेट स्ट्रॉबेरीसारखं. त्याच्याच शेजारी जांभळट निळं, मधोमध पांढरं जिरेनियम. कातळांच्या फटींत, ओल धरलेल्या जागी निळी पॉपी. तिच्यासाठी गुडघे टेकून बस : फूल खाली झुकलेलं असतं, चार पाकळ्या इतक्या पातळ की प्रकाश आरपार येतो, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका आणि देठाला बारीक काटे. अतिविषाच्या जातकुळीतली निळी फुलंही भेटतील. ती विषारी असतात, हात लावू नकोस.

खाली नदीच्या पात्रात, जिथे गोट्यांशिवाय काही उगवणार नाही असं वाटतं, तिथे एपिलोबियम जमिनीलगत गुलाबी पसरलेलं असतं. तिथवर पोचायचंच असं ठरव, पण दीड वाजला की कुठेही असलास तरी मागे फिर. दुपारनंतर ढग खोऱ्यात शिरतात, पाऊस धरतो आणि उतरताना पायऱ्या निसरड्या होतात. जोन मार्गारेट लेग ही वनस्पती अभ्यासक १९३९ मध्ये इथेच फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी वाटेत लागेल. पायवाट सोडून फोटोसाठी दगडांवर चढू नकोस, आणि गवतातही शिरू नकोस. तिथला हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा, तुडवलेल्या रोपाला त्यात पुन्हा उभं राहायला वेळच मिळत नाही.

उंच वाढणारी, पांढऱ्या तुऱ्यांची एक वनस्पती जागोजागी दिसेल. दिसायला छान आहे, पण ती आडदांडपणे पसरते आणि बाकीच्यांना दाबते, म्हणून वन खातं ती उपटून काढतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई थांबली, तिच्या फैलावामागे हेही एक कारण सांगतात.

आता सामान. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेव : भिजलं की वाळत नाही आणि अंगात गारठा भरतो. लवकर सुकणारी पँट, एक लोकरी थर, पँटसकट पूर्ण रेनकोट. पोंचो वाऱ्यात उडतो आणि पायरी दिसू देत नाही. मोज्यांचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, दशम्या. रोख पैसे जवळ ठेव, फोनच्या भरवशावर राहू नकोस. डोकं दुखायला लागलं तर पाणी पी, थांब. मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं तर सरळ खाली उतर, गोळीवर ढकलू नकोस. हेमकुंड दुसऱ्या दिवशी ठेव. ते बरंच उंच आहे आणि ब्रह्मकमळं त्या वाटेवर वरच्या टप्प्यात भेटतात.

हरिद्वार ते जोशीमठ पूर्ण दिवसाचा प्रवास आहे आणि पावसात दरड कोसळली की तो दोन दिवसांचा होतो. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा सोड. तिकीट बदलायचं असेल तर याच आठवड्यात बदल.

बूट अजून घेतले नसशील तर लगेच घे, आणि महिनाभर यवतेश्वरच्या चढावर घालून चाल. नवे कोरे बूट घांघरियाच्या वाटेवरच टाच सोलतात. ओळखपत्राची प्रत पाठव, परवान्याची नोंदणी इथून करून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू