रूळ, यार्ड आणि शेजारची वसाहत

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर केलेल्या चढाईवरील आपल्या लेखात ६ जून १९४४ चा दिवस सविस्तर आला, पण त्याआधीचे तीन महिने रेल्वेवर झालेली बॉम्बफेक एका ओळीत उरकली. भुसावळच्या लोको शेडमध्ये माझी फिटरची नोकरी झाली, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

रूळ उखडला तर गँग लावून काही तासांत गाडी सोडता येते. टर्नटेबल (इंजिन फिरवायची चकती), पाण्याच्या टाक्या आणि दुरुस्तीचे शेड गेले की मात्र इंजिने जागीच अडकतात. सॉली झुकरमन या शास्त्रज्ञाने नेमके हेच हेरले होते. म्हणून दोस्तांच्या विमानांनी फ्रान्स-बेल्जियममधली यार्डे झोडपली, शेवटी सीन नदीवरचे पूल पाडले. जर्मन कुमक रखडली. लष्करी हिशेब बरोबरच होता.

पण यार्डाला लागून रेल्वेवाल्यांचीच घरे असतात! उत्तर फ्रान्समधल्या लील शहराजवळच्या लोम गावात ९ एप्रिलच्या रात्री मालगाड्यांचे यार्ड फोडताना शेजारची रेल्वे कामगारांची वसाहत उद्ध्वस्त झाली, चारशेहून अधिक नागरिक गेले. ज्यांना सोडवायचे होते तीच ही माणसे. चर्चिलनाही हे खुपत होते. मे महिन्यात त्यांनी रूझवेल्टना तसे कळवले, पण रूझवेल्टनी सेनापतींचे हात बांधायला नकार दिला.

क्वार्टर्समध्ये संसार केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना फार यातना होतात. पुढच्या लेखात लोमला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ