फिल्टर हातात देण्याआधी तुम्ही जे शिकवलंत

प्रिय ताई,

इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातले, फोटो काढायचेत असं म्हटल्यावर बहुतेकांचा सल्ला एकच होता: एखादा जुना कॅमेरा बघ आणि त्यात फेरफार करून घे. तुम्ही मात्र विचारलंत, "आहे त्या कॅमेऱ्याला किती दिसतं, ते पाहिलंस का?" आणि टीव्हीचा रिमोट पुढे केलात. दिवे मालवले, रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबलं, आणि नुसत्या डोळ्यांना जिथे काहीच नव्हतं तिथे स्क्रीनवर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला. खर्च शून्य, आणि माझ्या कॅमेऱ्याला थोडं का होईना इन्फ्रारेड दिसतं याची खात्री पटली. त्याबद्दल पहिले आभार.

पुढचं सगळं तुम्ही त्या ठिपक्यावरूनच उलगडलंत. सेन्सरमधलं सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतं, पण रंग बिघडू नयेत म्हणून सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवलेली असते. तिच्यातून जे झिरपतं, तेवढंच आपल्या वाट्याला येतं. त्यात लेन्सवर चढवायचा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा रोखतो. म्हणून भर उन्हातही शटर कित्येक सेकंद उघडं ठेवायचं, आणि म्हणून ट्रायपॉड. तुम्ही कारणासकट सांगितलंत, त्यामुळे मला काहीच पाठ करावं लागलं नाही.

फिल्टर चढवला की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. त्यासाठी तुम्ही लावलेला क्रम आता हातात बसलाय: आधी फ्रेम, मग फोकस, फोकस मॅन्युअलवर, आणि शेवटी फोकसची रिंग हलू न देता फिल्टरचे आटे अलगद फिरवायचे. इन्फ्रारेडचा फोकस जरा सरकून पडतो, त्यासाठी जुन्या लेन्सवर वेगळी लाल खूण असते, हेही तुम्हीच दाखवलंत. ती खूण मी इतकी वर्षं नुसती बघत होतो! शिवाय नवी लेन्स घ्यायला निघालो होतो तेव्हा थांबवलंत. काही लेन्समध्ये फोटोच्या मधोमध उजळ डाग पडतो, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान केलं की तो आणखी उठून दिसतो. तेव्हा आधी आहे ती तपासून बघ, म्हणालात. माझी चांगली निघाली.

हिरव्या गवतावर व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे गवतालाच पांढरं धरायला कॅमेऱ्याला सांगितलं, आणि लालभडक फोटोतून पांढरी झाडं वर आली, तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. पानांच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या इन्फ्रारेड परतवून लावतात, निळं आकाश मात्र त्या प्रकाशात काळवंडतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी असे फोटो १९१० मध्येच प्रसिद्ध केले होते, हे तुमच्याकडूनच कळलं. फोटोतल्या लाल आणि निळ्या रंगांच्या चॅनलची अदलाबदल करून आकाश निळं करायलाही शिकलो, पण मन रमतं ते कृष्णधवलमध्येच. ढग त्यात फार सुंदर उठतात.

सोबत एक फोटो पाठवतोय. खोड स्पष्ट आलंय, शेंड्याकडची पानं वाऱ्याने धूसर झालीत. मला ती तशीच आवडलीत. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. आणि ताई, मनापासून आभार.

तुमचा,
नवशिका छायाचित्रकार