लाइन उनी, पण कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘उद्या सकाळी १० ते ४ लाइन बंद राहील’ अशी सूचना गावाच्या ग्रुपवर फिरते आणि कधीकधी वर्तमानपत्रातही तशीच छापून येते. ती वाचून रावेर-यावलचा केळीवाला मोटारीची पाळी बदलतो, घरातली बाई नळ येणार नाही म्हणून हंडे भरून ठेवते आणि भुसावळचा रेल्वेवाला कोणती गाडी रद्द झाली ते शोधायला लागतो. तिघांनीही शब्दाचा अर्थ बरोबरच घेतलेला असतो.

मराठी शब्दच छापा, असा हट्ट नाही. ओळ, रांग, तार, रूळ, वाहिनी हे शब्द आपल्याकडे आहेत. पण डीपीखाली (गावच्या ट्रान्सफॉर्मरखाली) उभं राहून ‘विद्युत वाहिनी सुरू झाली का’ असं कोणी विचारत नाही. ‘लाइन उनी का?’ (आली का?) एवढंच विचारतात. विनंती इतकीच, की लाइनच्या आधी एक शब्द जास्त छापावा.

सगळ्यात मोठा घोळ विजेचा. शेतकऱ्याची लाइन म्हणजे थ्री फेज, तिन्ही फेजच्या तारांतून येणारी वीज. गावात दिवे लागलेले असले तरी शेतात ‘लाइन नाही’, कारण विहिरीवरची साडेसात एचपीची मोटार सिंगल फेजवर चालत नाही. घरातल्या वायरमनची लाइन म्हणजे फेजची तार, जिच्यावर टेस्टर लागतो ती. बटण तिच्यावरच घ्यायचं असतं. न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) घेतलं तरी दिवा लागतो-विझतो, म्हणून चूक कळत नाही. पण बटण बंद असताना होल्डरपर्यंत लाइन जिवंत राहते आणि बल्ब बदलताना झटका बसतो. बटण बंद करूनही एलईडी बल्ब मंद पेटत राहिला, तर आधी हे तपासावं. तीन पिनच्या सॉकेटला समोरून पाहिलं, की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे लाइन, डावीकडे न्यूट्रल.

खांबावर चढणाऱ्या लाइनमनची लाइन आणखी वेगळी. ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) उपकेंद्रापर्यंत, ११ केव्हीची डीपीपर्यंत, डीपीच्या पुढे लघुदाबाची: दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये २४०. ११ केव्हीचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाइन) बंद पडला तर गावंच्या गावं अंधारात. डीपीचा फ्यूज उडाला तर त्या डीपीवरच्या विहिरी तेवढ्या बंद. बातमीत मात्र दोन्हीकडे ‘लाइन गेली’. तीनपैकी एकच फेज गेला तरी आपण तेच म्हणतो, आणि खरं तर ती अवस्था सर्वांत वाईट. पूर्ण लाइन गेली तर मोटार नुसती थांबते. एक फेज गेला तर चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर जादा करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. त्यासाठीच स्टार्टरला प्रिव्हेंटर लागतो, एक फेज गेला की मोटार बंद करणारा. पुन्हा लाइन आली की ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपीवर लोड येतो, फ्यूज उडतो आणि लाइन परत जाते.

ठिबकचं निराळंच. इनलाइन नळीत ड्रिपर आतच ठरावीक अंतरावर बसवलेले येतात. ऑनलाइनमध्ये साधी नळी अंथरून, झाड असेल तिथे पंचाने भोक पाडून ड्रिपर बाहेरून टोचतात. केळी-कापसाला इनलाइन, आंबा-लिंबासारख्या लांब अंतराच्या झाडांना ऑनलाइन. अनुदानाचा अर्ज मात्र इनलाइनचाही ऑनलाइनच भरायचा! ‘लाइन चोक झाली’ म्हटल्यावर कशाने, हेही विचारावं लागतं. माती असेल तर लॅटरलचं (ड्रिपरच्या नळीचं) शेवटचं टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचं. क्षार असतील तर अ‍ॅसिड. शेवाळ असेल तर क्लोरीन. क्षारावर क्लोरीन सोडून काही सुटत नाही, आणि अ‍ॅसिड व क्लोरीन एकत्र तर कधीच करायचं नाही, विषारी वायू निघतो.

गवंड्याची लाइन मूळ अर्थाच्या सर्वांत जवळची. लॅटिनमध्ये लीनेआ म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. आपण ज्याची चटणी खातो तेच जवस. गवंडी आजही लाइनदोरीच ताणतो. पायाच्या लाइनआउटला (आखणीला) कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करायची. दोन खुणांमधलं तिरपं अंतर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. मोठ्या घराला ६-८-१० घ्यावं, चूक कमी होते. शेवटी दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत, मगच फक्की टाकायची.

पोलीस लाइन, रेशनची लाइन, ‘पोरगा कोणत्या लाइनला गेला?’ इथे संदर्भावरून भागतं.

रेल्वेत भागत नाही. ‘सुरत लाइन’ म्हणजे जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडे जाणारा मार्ग. अप लाइन म्हणजे मुंबईच्या दिशेची. तिथे लाइन म्हणजे रूळ. ट्रॅफिक ब्लॉक घेतला की त्या रुळावर गाडी येत नाही, पण वरच्या तारेत २५ केव्ही असू शकतात. ती बंद करायला पॉवर ब्लॉक वेगळा घ्यावा लागतो. ‘लाइन बंद’ या दोन शब्दांवर विसंबून त्या तारेखाली लांब पाइप किंवा शिडी उभी केली, तर माणूस जाऊ शकतो.

विजेची सूचना छापताना फीडरचं नाव, शेतीची की गावठाणची, आणि वेळ एवढं तरी असावं. सोबत एक ओळ हवी: काम लवकर संपलं तर न कळवता लाइन सुरू होईल, तारेला हात लावू नये.

आपला,
एक वाचक, भुसावळ